एका बदकाचे दोन पंख

ज्यांचे आभार मानायचे राहून गेले अशा लोकांची जावईबापूंनी एक यादी केली आहे, आणि तिच्यात पहिलं नाव कसरीचं आहे. कसर म्हणजे तीच, लोकरीच्या कपड्यांना भोकं पाडणारी. दुसरं नाव पार्सल ऑफिसातल्या कारकुनाचं, तिसरं पशुवैद्यांचं. स्वतःच्या साहेबांचं नाव अजून यादीत आलेलं नाही, पण निवृत्तीला चार वर्षं आहेत, तोवर कुणी सांगावं.

'जावईबापू' हे काही त्यांचं नाव नव्हे. ते वजनमापे खात्यात निरीक्षक. तराजूचा काटा केसभर जरी कलला तरी दुकानदाराला घाम फोडणारा माणूस. पण सासरे त्यांच्याकडे राहायला आले, पहिल्याच दिवशी खालून त्यांनी "जावईबापू, माझी काठी राहिली" अशी हाक दिली, आणि ती तिन्ही मजल्यांवर ऐकू गेली. तेव्हापासून दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे त्यांना जावईबापूच म्हणतात. स्वतःच्या नावाच्या पाटीखाली उभा राहून माणूस घरजावई झाला. जावईबापूंनी हे मनाला लावून घेतलं नाही असं ते स्वतः सांगतात, म्हणजे लावून घेतलं होतं.

सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांनी तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली आणि उरलेल्या वेळात माश्या बांधल्या. रिकामटेकडे लोक माश्या मारतात, अण्णा बांधायचे. एवढासा गळ घ्यायचा, त्याच्यावर रेशमाचा दोरा गुंडाळायचा, पिसाच्या काड्या लावून पंख करायचे, की झाली माशी. ती तळ्याच्या पाण्यावर अलगद टाकली की मासा फसतो आणि खरी समजून तोंड घालतो. मग अण्णा तो मासा हातात धरून बघायचे आणि परत पाण्यात सोडून द्यायचे. जावईबापूंना हे कधीच कळलं नाही. धरलेला माल वजन न करता सोडून द्यायचा, हे त्यांच्या खात्याच्या दृष्टीनं जवळजवळ गुन्ह्यात बसत होतं.

मग अण्णांना अर्धांगाचा झटका आला. सौम्य होता. जीभ शाबूत राहिली, ही गोष्ट तर घरातल्यांना तासाभरातच कळली. पाय काठीच्या आधारानं चालू लागले. पण उजवा हात मांडीवर जो पडला तो पडलाच. फिजिओथेरपिस्ट बाई एक दिवसाआड यायच्या. त्यांनी दाबायला रबरी चेंडू दिला. अण्णांनी तो चपलेच्या कपाटात टाकला.

"मी काय पाळण्यातलं पोर आहे?" ते म्हणाले. "उद्या खुळखुळा द्याल."

बाईंनी स्वयंपाकघरात येऊन अण्णांच्या लेकीला हळूच सांगितलं, "हे दोन-तीन महिने महत्त्वाचे आहेत. या दिवसांत बोटं बारीक कामाला लागली तर हात येईल. नाही लागली, तर मग आहे तसाच राहायचा. त्यांच्या आवडीचं काहीतरी हातात द्या बाई."

त्या संध्याकाळी बायको जावईबापूंना म्हणाली, "अहो, अण्णांची पिसांची पेटी काढता का माळ्यावरून?" एवढंच बोलून ती भांडी विसळायला वळली. पण एकच पेला ती पाच मिनिटं विसळत होती, तेव्हा जावईबापूंनी मुकाट्यानं स्टूल घेतलं.

पेटी काढली, अण्णांच्या पुढ्यात ठेवली, झाकण उघडलं. आत भुसा. तीस वर्षांत एकेक पारखून जमवलेली पिसं कसरीनं फस्त केली होती. उरले होते नुसते दांडे, माशाचा काटा उरावा तसे. अण्णांनी बराच वेळ आत पाहिलं.

"यात डांबराच्या गोळ्या होत्या," ते म्हणाले. "कुणी काढल्या?"

खोटं बोलायची सोय नव्हती. "मी," जावईबापू म्हणाले. "माझ्या कोटाला वास लागायचा. डोकं दुखायचं त्यानं."

"आता दुखणार नाही," अण्णा म्हणाले आणि डाव्या हातानं झाकण लावून टाकलं. ते ओरडले असते तर जावईबापूंना बरं वाटलं असतं. त्या रात्री त्यांनी मनाशी ठरवलं की काही झालं तरी पिसं आणायची.

आता तुम्हाला वाटेल, पिसं ती काय आणायची, कावळ्याचिमण्यांना काय तोटा आहे. सगळ्या बिल्डिंगला असंच वाटलं. माणसाला अडचण आहे हे कळायचा अवकाश, सल्ले येतातच. समोरच्या वहिनींनी आपली जुनी उशी आणून दिली. ती जावईबापूंनी पंख्याखाली फोडली, आणि त्यानंतर आठवडाभर त्या घरात चहावरसुद्धा पिसं तरंगत होती. वरच्या मजल्यावरचे बँकवाले काका उंटावरचे शहाणे. त्यांचं म्हणणं, ऑफिसच्या आवारात कबुतरं एवढी, तिथं शोधा. जावईबापू जेवणाच्या सुट्टीत आवारातल्या झाडाखाली रांगत असताना साहेब नेमके खिडकीत आले.

"काही पडलं का?" साहेबांनी विचारलं.

"नाही सर, पिसं गोळा करतोय," जावईबापूंनी खरं ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावून घेतलं आणि घरी सगळं ठीक आहे ना, रजा हवी का, असं फार प्रेमानं विचारलं. इतकं प्रेम बावीस वर्षांत पहिल्यांदाच मिळालं, आणि तेही असल्या कारणानं.

शेवटी बँकवाले काकांनी क्लबातून बॅडमिंटनची दोन डझन फुटकी फुलं आणली. पांढरीशुभ्र, टणक पिसं. जावईबापूंनी एकेक उपटून, धुऊन, पुसून अण्णांसमोर मांडलं. अण्णांनी एक उचलून पाहिलं, दुसरं पाहिलं, आणि बाजूला सारलं.

"सगळी एकाच बाजूची," ते म्हणाले. "माशी काय एका पंखानं उडते?"

जावईबापूंना वाटलं, म्हाताऱ्याला बॅडमिंटन आवडत नाही. हे वाक्य त्यांनी तेव्हाच नीट कानात घालून घेतलं असतं तर पुढची गोष्ट घडलीच नसती. आणि बरं झालं त्यांनी घातलं नाही.

"मग कसलं पीस लागतं, अण्णा?"

"बदकाच्या पंखाचं. करडं. मिळणार नाही तुम्हाला," असं म्हणून अण्णांनी भिंतीकडे तोंड केलं.

तसं पीस कुठं मिळतं हे सांगू शकणारा गावात एकच माणूस होता, आणि त्याचं नाव घरात काढायचं नाही असा अकरा वर्षांचा दंडक होता. तो म्हणजे गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेले घड्याळजी. एके काळी अण्णा आणि घड्याळजी म्हणजे एका ताटात जेवणारे. दर रविवारी दोघं तळ्यावर. मग एका रविवारी अण्णांच्या गळाला आयुष्यातला सगळ्यात मोठा मासा लागला, काठापर्यंत आला, आणि घड्याळजी जाळी घालणार तोच दोरा सुटून गेला. अण्णा म्हणाले, जाळी उशिरा घातलीस. घड्याळजी म्हणाले, गाठ सैल मारलीस. जो मासा दोघंही पुन्हा पाण्यातच सोडणार होते, त्याच्यावरून दोघं अकरा वर्षं बोलले नाहीत.

जावईबापू चोरासारखे दुकानात गेले. घड्याळजी एक भलंमोठं भिंतीवरचं घड्याळ उघडून बसले होते. पूर्वी त्यांच्यापुढे मनगटी घड्याळांची रास असायची. हल्ली ती ते घेत नाहीत, म्हणतात माल चांगला येत नाही. जावईबापूंनी सगळं सांगितलं, हात, चेंडू, कसर, उशी. घड्याळजी ऐकत राहिले. पेटीचं ऐकलं तेव्हा मात्र त्यांनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"उजवा हात?" त्यांनी विचारलं.

"उजवा."

घड्याळजींनी खण उघडून एक जुनं कार्ड काढलं. लांबच्या एका शहरातल्या दुकानाचा पत्ता. "सहा बदकांच्या पंखांचा एक संच देतात. कमी देत नाहीत. एकट्याला तो फार होतो. निम्मी त्याला द्या, निम्मी मला द्या. आणि माझं नाव त्याला कळता कामा नये. कळलं तर तो बोटसुद्धा लावायचा नाही."

जावईबापूंनी पत्र टाकलं. पंधरा दिवसांनी पार्सल आलं, म्हणजे गावात आलं. घरी यायला त्याला आणखी नऊ दिवस लागले. पार्सल ऑफिसातला कारकून शांत आणि सभ्य होता, आणि अशा माणसापुढे काही चालत नाही.

"आत पिसं आहेत असं लिहिलंय," तो म्हणाला. "म्हणजे पक्षिजन्य माल. पक्ष्याला रोग नव्हता असा पशुवैद्यांचा दाखला लागेल."

"अहो, पण पक्षी मेलाय."

"म्हणूनच संशयाला जागा आहे."

जावईबापू बावीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला बसलेले. एक शिक्का कमी म्हणून त्यांनी कितीजणांना परत पाठवलं असेल त्याची गणती नाही. आता बाहेरच्या बाजूला उभं राहिल्यावर त्यांना कळलं की काउंटरची ती फळी छातीला फार टोचते. दाखल्यासाठी ते पशुवैद्यांकडे गेले, तर पशुवैद्य म्हणाले, पक्षी तपासल्याशिवाय दाखला कसा देऊ. पक्षी कुठंय म्हणाल तर नाही, त्याची पिसं आहेत. पिसं कुठंयत तर पार्सल ऑफिसात. तिथून ती दाखल्याशिवाय सुटत नाहीत. घोडं असं पेंड खाऊन बसल्यावर जावईबापू त्या दवाखान्याच्या बाकावर, एक बकरी आणि दोन कुत्र्यांच्या मध्ये, मटकन खाली बसले आणि त्यांनी सासऱ्यांच्या हाताची हकीकत सांगून टाकली. पशुवैद्यांनी ती बकरीचा कान तपासता तपासता ऐकली, हात धुतले आणि कागद ओढला. 'तपासणीच्या वेळी पक्षी: अनुपस्थित. रोगाची लक्षणे: आढळली नाहीत. पक्षी मृत असल्याने यापुढे आजारी पडण्याचा संभव नाही.' खाली सही आणि गोल शिक्का. त्या माणसाचं भलं होवो असं जावईबापू आजही म्हणतात.

दाखला बघून कारकून प्रसन्न झाला. फक्त नियमाप्रमाणे माल मोजून घ्यायचा होता. आत पिसांच्या जोड्या होत्या, दोन दोन पिसं दोऱ्यानं एकत्र बांधलेली. जोडीला नग म्हणावं की पिसाला, यावर त्यानं आतल्या टेबलाचा सल्ला घेतला आणि मग सगळे दोरे कापून पिसं सुटी मोजली. शहाण्णव. बरोबर एक छापील चिठ्ठी होती, 'जोड्या सोडू नयेत' अशी. ती जावईबापूंनी वाचायच्या आधीच पुरावा म्हणून फाईलला लागली. जावईबापूंच्या हातात एका पिशवीत शहाण्णव सुटी पिसं पडली, आणि ती छातीशी धरून ते आभार मानायचेही विसरून बाहेर पडले.

आता वाटणी. रविवारी दुपारी अण्णा झोपलेले बघून जावईबापूंनी दार लावलं, पलंगावर चादर अंथरली आणि खात्याचा छोटा तराजू काढला. पिसं नीट पाहिली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की ही दोन तऱ्हेची आहेत. काही डावीकडे वाकलेली, काही उजवीकडे. आता ज्या माणसाचा जन्म भेसळ पकडण्यात गेला, त्याला असला सरमिसळ माल बघवेल कसा. त्यांनी दोन तास बसून एकेक पीस निवडलं. डावीकडे वाकलेली अठ्ठेचाळीस एका बाजूला, उजवीकडे वाकलेली अठ्ठेचाळीस दुसऱ्या. तराजूत घातली तर काटा मधोमध. इतकी निर्दोष, एकजिनसी वाटणी आपल्या हातून कधी झाली नव्हती असं त्यांना वाटलं, आणि ऊर भरून आला. डावा ढीग अण्णांना, उजवा घड्याळजींना. बायकोला त्यांनी तराजूचा काटासुद्धा दाखवला.

"छान," ती म्हणाली. "पण अण्णांना आवडली म्हणजे मिळवलं."

अण्णांसमोर ताट ठेवलं तेव्हा पहिल्यांदा त्यांचे डोळे लकाकले. त्यांनी डाव्या हातानं एक पीस उजेडात धरलं. "बदकच," ते म्हणाले. मग दुसरं घेतलं. मग तिसरं. मग चौथं ताटातच उलटं करून बघितलं आणि चष्मा काढला.

"जावईबापू, दुसरी बाजू कुठंय?"

"कसली दुसरी बाजू?"

"बदकाला पंख किती असतात?"

"दोन," जावईबापू म्हणाले, आणि बोलता बोलताच त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. डावा पंख आणि उजवा पंख. माशीचा डावा पंख डाव्या पिसाचा करायचा, उजवा उजव्या पिसाचा, आणि तेही पंखातल्या त्याच जागचं पीस हवं, तिसऱ्याला तिसरं, पाचव्याला पाचवं. तेव्हा माशी पाण्यावर सरळ बसते. त्यांनी सहाच्या सहा बदकं मधोमध चिरून एक बाजू इथं आणि एक बाजू तिथं दिली होती. या पिसांतून एकही माशी होणार नव्हती. ना इथं, ना तिथं.

"उरलेली कुठं आहेत?" अण्णांनी विचारलं.

जावईबापूंनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं छताकडे पाहिलं. मग त्यांनी सांगून टाकलं.

तीन दिवस अण्णा कुणाशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट बाई जाता जाता दारात म्हणाल्या की आता जास्त दिवस हातात नाहीत. त्या संध्याकाळी अण्णा भिंतीकडे बघत म्हणाले, "त्याला सांगा, माझी निम्मी पाठवून दे."

जावईबापू दोन मजले उतरून गेले. घड्याळजी म्हणाले, "त्याला सांगा, येऊन घेऊन जा. अकरा वर्षं दुकान इथंच आहे."

वर आले. "त्याला सांगा, मला जिना उतरवत नाही."

खाली गेले. "त्याला सांगा, मला चढवत नाही."

दोन म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांपायी तिसऱ्याच माणसाचे गुडघे कामाला लागले होते. चौथ्या खेपेला जावईबापू दुकानाच्या पायरीवरच बसले. "घड्याळजी," ते म्हणाले, "मला सोडा. मी मूर्ख आहे हे सगळ्यांनी मान्य केलंय. पण त्यांचा हात जाईल हो."

घड्याळजींनी आपला पिसांचा ढीग पुढे ओढला. मग त्यांनी ढिगातलं एक पीस घेतलं, घड्याळाच्या सुट्या भागांच्या पाकिटात घातलं आणि पुढे केलं. "त्याला म्हणावं, याची जोडी सापडते का बघ. तुला आठवत असेल तर."

अण्णांनी ते पाकीट पाहिलं आणि नाकातून आवाज काढला. "मला आठवत असेल तर? यानं मला शिकवायचं?" त्यांनी ताट पुढे ओढलं. अठ्ठेचाळीस पिसांतून जोडी काढायची म्हणजे दोन पिसं शेजारी शेजारी धरून बघावी लागतात, लांबी, वाक, रंगाची कड. एका हातानं ते होत नाही. अण्णांनी एक पीस डाव्या हातात धरलं, दुसरं गुडघ्यावर टेकवलं, ते पडलं. पुन्हा टेकवलं, पुन्हा पडलं. त्यांनी एक शिवी हासडली, आणि उजवा हात मांडीवरून उठला. थरथरत, वेडावाकडा, पण उठला, आणि अंगठा आणि बोटाच्या मध्ये त्यानं पीस धरलं.

दारात बायको उभी होती. तिनं पदर तोंडाशी धरला आणि जावईबापूंचा दंड इतका घट्ट पकडला की दोन दिवस वळ होते. तासाभरानं अण्णा म्हणाले, "हे घ्या. दुसऱ्या बदकाचं, तिसरं पीस." त्यांनी ती जोडी दोऱ्यानं बांधून ठेवली. मग ढिगातलं एक डावं पीस पाकिटात घातलं. "त्याला म्हणावं, आता तू काढ याची जोडी."

असं ते चालू झालं. खालून एक उजवं पीस वर यायचं, वरून एक डावं खाली जायचं. ज्यानं जोडी लावली त्याच्याकडे ती राहायची. सकाळी ऑफिसला जाताना एक फेरी, संध्याकाळी येताना एक. पाकिटाबरोबर निरोप जायचे आणि दिवसागणिक ते लांबत गेले. "त्याला सांगा, हे सोपं होतं." "त्याला म्हणावं, सोपं होतं तर दोन दिवस का लागले?" "त्याला विचारा, ती बांबूची काठी अजून आहे का?" "आहे म्हणावं. शेंड्याला चिरली आहे." जावईबापू निरीक्षक होते ते टपालवाले झाले, आणि खरं सांगायचं तर त्यांना त्याचं काही वाटेनासं झालं. बाई एक दिवस अण्णांची बोटं दाबून बघत होत्या, त्या थांबल्या. "चेंडूनं इतका फरक पडला?" त्यांनी विचारलं. अण्णा म्हणाले, "चेंडू चपलांच्या कपाटात आहे. घेऊन जा हवा तर."

जावईबापूंनी मनातल्या मनात हिशेब मांडला. चोवीस पिसं खाली गेली, चोवीस वर आली, की दोघांकडे चोवीस चोवीस जोड्या होणार. म्हणजे वाटणी अखेर बरोबरच होणार. एवढ्या एका विचारावर त्यांनी ते दोन महिने ताठ मानेनं काढले.

आणि नेमकं शेवटचं पीस अडलं. घड्याळजींकडून आलेलं चोविसावं उजवं आणि अण्णांकडे उरलेलं शेवटचं डावं, दोघांची लांबी जुळेना. एक तिसरं, एक पाचवं. म्हणजे आधीची कुठलीतरी एक जोडी चुकीची बांधली गेली होती.

"त्यानं घोळ घातलाय," अण्णा म्हणाले.

"त्यानंच घातलाय," खालून निरोप आला. "माझ्या जोड्यांत खोट निघाली तर दुकान बंद करीन म्हणावं."

अण्णा उठले. त्यांनी डाव्या हातात काठी घेतली, उजव्या हातानं पिसांचा डबा उचलला आणि चपला घातल्या. जिन्यात फिजिओथेरपिस्ट बाई वर येत होत्या. त्यांनी डबा धरलेला हात पाहिला आणि भिंतीला टेकून वाट दिली.

"कुठं निघालात, अण्णा?"

"भांडायला," अण्णा म्हणाले.

दुकानात दोघं म्हातारे समोरासमोर बसले तरी पहिली दहा मिनिटं "त्याला सांगा"च चालू होतं, मध्ये जावईबापू. मग सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस जोड्या काचेच्या काउंटरवर पसरल्या आणि दोघं तपासायला लागले. जावईबापूंना चूक आधी दिसली. इतके दिवस त्यांनीही पिसं हाताळली होती, नजर बसली होती. ती घड्याळजींच्या जोड्यांत होती. एक तिसरं आणि एक पाचवं, उघड उघड, बोटभराचा फरक. एवढा फरक घड्याळजींना कसा दिसला नाही, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं, आणि त्यांनी वर पाहिलं. घड्याळजींनी एक जोडी डोळ्यांच्या इतकी जवळ धरली होती की पीस पापणीला लागत होतं. मग ती हलकेच खाली ठेवून ते बोटांनीच लांबी चाचपत होते.

अण्णाही तेच पाहत होते. भिंतीवरची मोठी घड्याळं, मनगटी एकही नाही, हेही त्यांनी पाहिलं असावं. मग त्यांनी उजवा हात पुढे केला, घड्याळजींच्या समोरची ती चुकीची जोडी आपल्या ढिगात ओढून घेतली आणि मोठ्यानं म्हणाले, "सापडली. चूक माझीच आहे. माझ्या हाताला अजून नीट कळत नाही."

जावईबापूंनी बावीस वर्षांत एकही खोटं माप चालू दिलं नव्हतं. दुकानदार रडले, ओळखी निघाल्या, तरी नाही. त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांदेखत एक खोटं माप झालं आणि ते तोंडातून अवाक्षर न काढता उभे राहिले.

घड्याळजी त्या ढिगाकडे बघत होते. त्यांना कळलं की नाही, देव जाणे. थोड्या वेळानं ते म्हणाले, "त्या दिवशी पाण्यावर ऊन फार होतं. मला तो मासा नीट दिसलाच नाही. जाळी उशिराच गेली."

"गाठही सैलच होती," अण्णा म्हणाले. "ती मीच मारली होती."

मग घड्याळजींनी शेजारून चहा मागवला, गळ काढला, दोरा काढला. अण्णांचे डोळे शाबूत होते, बोटं रखडत होती. घड्याळजींची बोटं शाबूत होती, डोळे अधू झाले होते. अण्णा "जरा डावीकडे" म्हणायचे, घड्याळजी दोरा ओढायचे, अण्णांच्या उजव्या अंगठ्याखाली पिसाची काडी दाबून धरलेली. दोघं मिळून एक माशी झाली. ती वाकडी होती, पंखही एकसारखे बसले नव्हते, आणि गळाच्या नंबरावरून त्यांचं तिथंच पुन्हा जुंपलं.

निघताना अण्णांनी ती माशी उचलली आणि जावईबापूंच्या शर्टाच्या खिशावर टोचून लावली. उजव्या हातानं लावली, म्हणून वेळ लागला. जावईबापू श्वास रोखून उभे राहिले, कारण गळाचं टोक छातीला लागत होतं आणि त्यांना हलायचं नव्हतं.

"जावईबापू," अण्णा म्हणाले, "वाटणी बरोबर केलीत तुम्ही."

बावीस वर्षांच्या नोकरीत कुणी एवढा मोठा शिक्का त्यांच्यावर मारला नव्हता. जिना चढताना त्यांनी अण्णांच्या हातातला डबा घ्यायला हात पुढे केला, आणि अण्णांनी तो दिला नाही.

आता दर रविवारी जावईबापू दोघांना तळ्यावर घेऊन जातात. मासा अजून एकही लागलेला नाही. ती वाकडी माशी ऑफिसच्या शर्टावर असते. साहेबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि रजेचं पुन्हा विचारलं. शर्ट धुवायला टाकताना बायको ती काढून ठेवते आणि वाळल्यावर पुन्हा खिशाला लावते.